गॅस बंद आहे, हे माहीत असूनही

मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या दोन डच संशोधकांनी 2003 साली गॅसच्या शेगडीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो माझ्या वाचनात आला आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी तो सांगत सुटले आहे. दूधवाल्याला सांगून झाला, शेजारच्या वहिनींना सांगून झाला, आता तुमची पाळी.

प्रयोग असा. कसलाही आजार नसलेले, धडधाकट कॉलेजचे विद्यार्थी घेतले. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी. बटणं फिरवून बर्नर पेटवायचे, बंद करायचे आणि खरंच बंद झालेत का ते तपासायचं. एका गटाने शेगडीच पुनःपुन्हा तपासली. दुसऱ्या गटाला मधल्या वेळात पडद्यावरचे विजेचे दिवे तपासायला दिले. शेवटी दोन्ही गटांकडून शेगडी एकदा तपासून घेतली आणि विचारलं, आत्ता कोणकोणते बर्नर तपासलेत? बरोबर उत्तरं देण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण ज्यांनी शेगडी पुनःपुन्हा तपासली होती त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाच उडाला होता! आठवतंय, पण धूसर. बंद केलाय, पण छातीठोकपणे सांगवत नाही.

कळलं का काय झालं ते? तपासून खात्री वाढली नाही, कमी झाली! ज्या कृतीने शंका फिटायची, त्याच कृतीने शंका पोसली. आणि ही गत आजारी माणसांची नव्हे, तुमच्याआमच्यासारख्यांची. मग ज्याला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर आहे, तो माणूस कुलूप ओढून पाहायला चौथ्यांदा जिना चढतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असेल!

हे सगळं माझ्या हाती लागलं ते भाचीमुळे. ती पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. दिवाळीला आली आणि जाताना पुस्तकांचा गठ्ठा आमच्याकडे टाकून गेली. मी मुद्रितशोधक. छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, आणि हे वाचायला घेतलं ते खालीच ठेववेना. 'देवराई' सिनेमा 2004 साली आला आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत निदान उच्चारला तरी जाऊ लागला. ओसीडी मात्र अजून विनोदातच अडकलेला आहे. 'मला ना बाई ओसीडी आहे, चादरीला एक सुरकुती चालत नाही', असं आपण किती कौतुकाने सांगतो! आणि गल्लीत कुणी खरोखर तासन्‌तास हात धूत असेल तर 'मंत्रचळ लागलाय' म्हणून मोकळे होतो.

आता मूळ गोष्ट ऐका. नको असलेला, किळसवाणा, भीतिदायक विचार डोक्यात घुसणं हा आजारच नाही! जॅक रॅकमन आणि पद्मल डिसिल्व्हा यांनी 1978 मध्ये साध्या, निरोगी माणसांना विचारलं की असले विचार तुमच्या मनात येतात का. पाचांतले चार जण हो म्हणाले. लोकलच्या फलाटावर शेजारच्याला ढकलून दिलं तर? गाभाऱ्यात उभं असताना तोंडातून शिवी निघाली तर? हातातली सुरी समोरच्याला लागली तर? असल्या जातीचे विचार. रॅकमन-डिसिल्व्हांनी रुग्णांचे विचार आणि निरोग्यांचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले, तर कुठला कोणाचा हे ओळखताना जाणकारही अडखळले. मी हे वाचलं आणि एकदम हलकं हलकं वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल, कबूल करू नका हवं तर.

मग फरक कुठे पडतो? पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी 1985 साली त्याचं जे उत्तर मांडलं ते मला अजून पटलेलं आहे. आपल्या मनात तो विचार येतो, आपण 'काय हे भलतंच' म्हणतो आणि भाजी चिरत राहतो. ओसीडी असलेला माणूस म्हणतो, 'असा विचार माझ्या मनात आलाच कसा? म्हणजे मी तसा आहे की काय? आणि आता जर काही विपरीत घडलं तर जबाबदार मीच.' झालं! आता त्या विचाराचा बंदोबस्त करणं भाग आलं. धुवा, तपासा, मोजा, मनातल्या मनात मंत्र म्हणा, कुणाला तरी विचारा. घटकाभर जीव शांत होतो. मग शंका परत येते, जास्त जोरात. सावकाराचं व्याज भरण्यासारखं आहे हे. भरत राहायचं आणि मुद्दल जागच्या जागी.

पुस्तकातल्या ज्या पानाने मी सगळ्यात जास्त हादरले ते नव्या आयांबद्दलचं होतं. बाळंतीण आहे, मांडीवर तान्हं बाळ आहे आणि तिच्या मनात येतं, याला खिडकीतून टाकलं तर? उशी तोंडावर दाबली तर? कॅनडात झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ निम्म्या नव्या आयांनी असे मुद्दाम इजा करण्याचे नकोसे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. निम्म्या! बहुतेकींचे येतात आणि जातात. पण एखादी हादरते. बाळाला अंघोळ घालायचं सोडते, सुऱ्या कपाटात लपवते, बाळाला एकटं घ्यायला घाबरते आणि कोणालाही सांगत नाही, कारण सांगितलं तर बाळ काढून घेतील. आणि तिला ओसीडी असेल तर तिच्या हातून बाळाला इजा होण्याची शक्यता त्यामुळे वाढत नाही. तिला त्या विचाराची शिसारी आहे, म्हणूनच तर ती एवढी घाबरली आहे! बाळंतपणानंतर येणारा सायकोसिस हा वेगळा, फार विरळा आणि खरोखर धोक्याचा आजार. तिथे आईला भ्रम होतात, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलतंच काही खरं वाटू लागतं. तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. दोन बायका, वरवर पाहता एकच वाक्य बोलणाऱ्या, आणि दोघींचे आजार असे दोन टोकांना! हे माहीत असायला नको का घरातल्या थोरल्या बायकांना? नुसतं 'दृष्ट लागली' म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून कसं भागेल?

एवढं वाचल्यावर मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, तुला गंमत सांगते. नळ चालू आहे आणि एक माणूस हात धुतोय, धुतोय, धुतोय. कुठला आजार?" मी म्हटलं, "ओसीडी, आणखी काय!" तर हसली. "कशावरून? तू त्याला विचारलंस का, का धुतोस म्हणून?"

आणि मग तिने जे उलगडून दाखवलं ते ऐकताना माझा चहा गार होऊन गेला. जंतू राहिले असतील, माझ्यामुळे घरातलं कोणी मरेल, या शंकेने तो धूत असेल तर ओसीडी. जंतूंचं काही नाही, पण 'झालं, जमलं' असं आतून वाटेपर्यंत थांबता येत नसेल तर तोही ओसीडीच, पण टुरेट आणि टिक्स, म्हणजे आपोआप येणारे झटके नि आवाज, यांच्या शेजारघरातला. हात असेच धुवायचे असतात, घरातल्या सगळ्यांनी माझ्याच पद्धतीने धुवावेत, चुकतंय ते जगाचं, असं म्हणत असेल तर तो व्यक्तिमत्त्वाचा प्रकार. त्याचं नावही चकवणारं, ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर. ओसीडीवाल्याला आपल्या कृतीचा वैताग असतो, याला अभिमान असतो! कोणी हातावर विष शिंपडतंय याची त्याला पक्की खात्री असेल तर सायकोसिसचा विचार करायचा. पाण्याचा स्पर्श आणि आवाज सुखावतो म्हणून एखादं मूल नळापाशी रमत असेल तर ऑटिझमचा. अत्याचार सोसलेली बाई अंगावरची न दिसणारी घाण धूत असेल तर तिच्या आघाताचा. आणि ऐंशीच्या आजोबांना आपण आत्ताच हात धुतलेत हेच आठवत नसेल, तर स्मृतिभ्रंशाचा. नळ तोच, पाणी तेच! आणि 2020 च्या उन्हाळ्यात आपण सगळेच वीस सेकंद मोजत धूत होतो, ते यांतलं कशातच बसत नाही.

आजीच्या सोवळ्याचं काय, असं मी विचारलंच. ते तर विचारायलाच हवं होतं. सोवळ्याला नियम असतो आणि नियमाला शेवट असतो. अंघोळ झाली, कद नेसला, संपलं. चार घरच्या आज्या तेच करतात, त्यांना त्यात शंका नसते. पण अंघोळ करून आल्यावर वाटेत कशाला तरी शिवले असेन म्हणून पुन्हा अंघोळ, मग पुन्हा, दुपार टळली तरी नैवेद्य नाही आणि डोळ्यांत पाणी, तिथे धर्म संपून आजार सुरू झालेला असतो. आपल्याकडे हा आजार कैकदा देव्हाऱ्याआड लपून राहत असणार, असं मला आता राहून राहून वाटतं.

शास्त्रज्ञांनाही ही नातीगोती लावायला वेळ लागला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात ओसीडी वर्षानुवर्षं चिंताविकारांच्या घरात राहत होता. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं आणि भावंडंही सोबत आली. आरशात तासन्‌तास आपलंच नाक निरखणारा, ते बेढब आहे या कल्पनेने घराबाहेर न पडणारा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, हा सगळ्यात जवळचा भाऊ. हे रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे येण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांकडे आणि प्लॅस्टिक सर्जनकडे जाऊन येतात. साठवण्याचा आजार पूर्वी ओसीडीचंच एक लक्षण मानत, त्याला आता वेगळं नाव आहे, कारण रद्दीने घर भरलं तरी साठवणाऱ्याला त्या ढिगाचा त्रास नसतो, फेकायची वेळ आली की असतो. केस उपटणं आणि त्वचा खरवडणं हीही याच घरातली. पण तिथे पुष्कळदा मागे विचारच नसतो, हात आपोआप जातो, त्यामुळे उपचारही वेगळा, सवय मोडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात तर आपल्याला मोठा रोग झालाय या भीतीने पछाडलेल्यांनाही याच घरात घेतलं आहे.

आणि टुरेट! ओसीडी असलेल्या सुमारे तीस टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी टिक्सचा त्रास झालेला असतो. हे वाचताना समोर कोण यावं? सॅम्युअल जॉन्सन! 1755 साली इंग्रजीचा तो अवाढव्य शब्दकोश काढणारा! मुद्रितशोधकाने ज्याला हात जोडावेत असा माणूस. त्याचा चरित्रकार बॉस्वेल लिहून गेलाय की जॉन्सन दारातून आत-बाहेर करताना पावलं मोजून टाकायचा, गणित चुकलं की मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायचा. शरीराला झटके, तोंडाने चित्रविचित्र आवाज हेही होतंच. आज बरेच वैद्यकतज्ज्ञ त्याची लक्षणं टुरेटची मानतात. दार ओलांडायला एवढे सायास पडणाऱ्या माणसाने भाषेचा डोंगर उपसला, मला तर भरून आलं.

त्याहून जुनी नसली तरी माझी लाडकी नोंद एस्क्विरोल या फ्रेंच वैद्याच्या 1838 च्या ग्रंथातली. त्यातली कुमारी एफ. मावशीच्या घरून निघताना तिला वाटलं, आपल्या खिशातून मावशीची एखादी वस्तू चुकून आली तर नसेल? पुढे हिशेब लिहिताना आकडा चुकेल, पैसे मोजताना बोटांना काही मोलाचं चिकटून राहील, अशी धास्ती. आणि तिला पुरतं माहीत होतं की हे सगळं खुळ्यासारखं आहे! जवळजवळ दोनशे वर्षं झाली. फरक एवढाच की आज ती बँकेत कॅशियर असती.

ओसीडी एकटा येतो असंही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ओसीडी असलेल्या दहातल्या नऊ जणांना आयुष्यात दुसराही एखादा मनोविकार झालेला आढळला, बहुतेक करून चिंता किंवा नैराश्य. हे साहजिकच नाही का? दिवसाचे चार चार तास ज्याचे नळाखाली जातात तो माणूस उदास नाही होणार तर काय! पण गोची अशी की डॉक्टरकडे गेल्यावर तो उदासीचं बोलतो आणि हातांचं लपवतो. भाची म्हणते, विचारावंच लागतं: नकोसे विचार येतात का, काही पुनःपुन्हा करावं लागतं का? चिंता करणारा पोरीच्या लग्नाची, घराच्या हप्त्याची काळजी वाहतो, आणि ती काळजी त्याला आपली वाटते. ओसीडीचा विचार परक्यासारखा घरात शिरतो. नैराश्यातला माणूस मागचं उगाळत बसतो, ओसीडीवाला पुढचं काही टाळायला धडपडतो.

आपल्या देशात 2015-16 मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात ओसीडीचं प्रमाण शंभरात एकाच्या जरा खाली निघालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे वाचून मी हिरमुसलेच. पण तेवढंच प्रमाण धरलं तरी आपल्या राज्यात लाखांच्या घरात माणसं होतात. कुठे आहेत ती? कोणाच्या तरी न्हाणीघरात, दार लावून.

आता उपचार. इथे मी खुर्चीतून उठलेच! 1966 सालापर्यंत या आजारापुढे वैद्यक हात टेकून होतं. त्या वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांची हकिगत छापली. धुण्याने गांजलेल्या रुग्णाच्या खोलीतलं पाणीच बंद केलं, सोबतीला परिचारिका ठेवल्या, ज्याची भीती त्यालाच हात लावायला लावला आणि धुवू दिलं नाही. बस! भीती चढली, शिगेला पोचली आणि काही न करता आपोआप उतरली. आज याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. आता ते रुग्णाच्या संमतीने, त्याच्यासोबत पायरी पायरीने करतात, कोणी नळ बंद करत नाही. आधी दाराच्या कडीला हात, मग चपलेला, मग बसच्या दांड्याला. हात धुवायचे नाहीत. शंका आली तर 'असेल, नसेल' म्हणून तिला तशीच उभी ठेवायची.

औषधंही आहेत. साठच्या दशकात क्लोमिप्रामिनचा गुण दिसला, पुढे सेरोटोनिनवर काम करणारी फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिनसारखी औषधं आली. नैराश्याला लागतो त्याहून बहुधा जास्त डोस लागतो आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात. किती जण पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या सोडत असतील! डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, हे मी वेगळं सांगायला नको.

आणि या सगळ्यावरचा कळस 1992 चा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना फ्लुओक्सेटिन दिलं, काहींवर नुसता वर्तनोपचार केला, आणि आधी-नंतर मेंदूची पेट स्कॅन छायाचित्रं काढली. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या मेंदूतल्या उजव्या कॉडेट नावाच्या भागाची वाढलेली धग कमी झालेली दिसली. दोन्ही गटांत! गोळी न घेता, नुसते हात न धुता बसून, मेंदू बदलला! मी हे वाक्य वाचून दाखवायला नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो 'बरं' म्हणाला आणि कूस बदलून झोपला. काही लोकांना कशाचंच अप्रूप नसतं.

घरच्यांचा भाग राहिलाच. 'आई, दार लावलं ना मी? नक्की ना?' असं मुलगा विचारतो आणि आई दहादा 'हो रे बाळा' म्हणते. मायाच ती. पण शेगडीचा प्रयोग आठवा. प्रत्येक 'हो' म्हणजे आणखी एक तपासणी, आईच्या तोंडून करून घेतलेली. म्हणून उपचारात घरच्यांनाही बसवून घेतात. उत्तरं देणं एका दिवसात तोडायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. आजची उत्तरं किती, पुढच्या आठवड्यात किती, हे त्या माणसाला विचारून, उपचार करणाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवायचं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. चादरीच्या सुरकुतीला ओसीडी म्हणू नका. आणि घरात कोणाचा दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ अशा शंकांत आणि कृतींत जात असेल, तर चिडवण्याआधी, बाबाबुवांकडे नेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि आपणहून विचारा की इथे वर्तनोपचारही करतात का. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येतं. नंबर 14416.